डोंगरवाटेचे पाहुणे

मुलांनो, अंबरनाथ किंवा बदलापूर स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभे असताना तुम्ही कधी पश्चिमेकडे मान वळविली आहे काय? तेथे डोंगरांची एक लांब रांग दिसते. एका टोकाला मलंगगडाचा ताठ कडा, पुढे तावली, तिच्या पलीकडे चंदेरीचा उंच सुळका, मग म्हसमाळ, पेब आणि दक्षिणेस माथेरानचे पठार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण घडला. अंबरनाथचे शिवमंदिर असल्याच पाषाणाचे आहे. त्यातील शिलालेख इ. स. १०६० चा. म्हणजे आपले पूर्वज सहस्र वर्षांपूर्वीही या डोंगरांना ओळखत होते. आपण मात्र त्यांच्या पायथ्याशी राहून त्यांना परके झालो आहोत.

या डोंगरांवर मुलांनी जावे की न जावे, असा प्रश्न आजकाल घरोघरी विचारला जातो. वडीलधारी माणसे म्हणतात, ‘तेथे धोका आहे, घरी बसा.’ त्यांचे म्हणणे प्रेमापोटी असते आणि ते खोटेही नाही. तरीही मुलांनी डोंगरावर जावे, असे माझे मत आहे. ते मत बनण्यास मला बरीच वर्षे लागली आणि एक चूकही करावी लागली. ती चूक मी पुढे सांगणारच आहे. आधी एक गोड आठवण सांगतो.

एके वर्षी मार्गशीर्षात मी सातवीच्या मुलांना घेऊन अंबरनाथजवळच्या काकोळे गावी गेलो होतो. तेथे डोंगराच्या कुशीत एक जुना तलाव आहे. आगगाड्यांना पाणी पुरवावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने तो बांधला. त्यामुळे लोक त्याला अजून जीआयपी तलाव म्हणतात. काठावरच्या झाडीतून शीळकरी कस्तूर शीळ घालीत होता. पाणी इतके नितळ होते, की तळातले खडे मोजावेत. उल्हासनगरचा एक मुलगा बराच वेळ पाण्याकडे पाहत बसला. शेवटी त्याने विचारले, “गुरुजी, हे पाणी पुढे कोठे जाते?” मी म्हणालो, “ही वालधुनी. शिवमंदिराला वळसा घालून ती तुमच्या उल्हासनगरात जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते.” तो चकित होऊन म्हणाला, “पण आमच्याकडे तर तो नाला आहे!”

मुलांनो, त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. कारखान्यांचे रंग, सांडपाणी आणि घराघरांतला कचरा पोटात घेऊन वाहणारी वालधुनीच त्या मुलाने जन्मापासून पाहिली होती. ती मुळात नदी आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगूनही पटले नसते. पटले ते उगम पाहिल्यावर. उल्हासनगर ही फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी वसविलेली नगरी. १९४९ साली तिला नाव दिले गेले ते नदीचे. नदीचे नाव मिरविणाऱ्या गावच्या मुलांनी नदीलाच नाला म्हणावे, यासारखे दुःख नाही. डोंगरावर का जावे, याचे माझे पहिले उत्तर हेच आहे. आपण पितो ते पाणी, आपण भोगतो ती सावली कोठून येते, हे पायांनी चालत जाऊन पाहावे. ज्याने उगम पाहिला, त्याचा हात प्रवाहात घाण टाकताना आपोआप मागे येतो.

आता माझी चूक सांगतो. एका श्रावणात मी वीस-बावीस मुलांना घेऊन डोंगराकडे निघालो. पायथ्याच्या ठाकरवाडीत एक वृद्ध ठाकर अंगणात बसला होता. त्याने वर पाहिले आणि म्हटले, “गुरुजी, आज वर जाऊ नका. मलंगाच्या अंगाला काळं भरलंय. व्हळाला पाणी यायचं.” आमच्या डोक्यावर ऊन होते. मी एम. ए. झालेला, शाळेचा मुख्याध्यापक! मी हसून पुढे गेलो. परतताना पाहतो तो काय, सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा छातीएवढा झाला होता. पाऊस आमच्या डोक्यावर नव्हे, दूर डोंगरमाथ्यावर पडला होता. अंधार पडू लागला. मुले रडू लागली. तेव्हा तोच वृद्ध वाडीतले तरुण आणि दोर घेऊन आला. पाणी थोडे ओसरल्यावर त्यांनी एकेका मुलाला हाताला धरून पार केले. मला तो एक शब्दही बोलला नाही. त्या मौनाची लाज मला आजही वाटते.

घरी आल्यावर मी आणखी एक चूक केली. शाळेच्या साऱ्या डोंगरसहली मी बंद केल्या. वाटले, आता मुले सुरक्षित झाली. पण दोन वर्षांनी कळले, की मोठ्या वर्गातील मुले घरी न सांगता, कोणी जाणते माणूस बरोबर न घेता, भर पावसात धबधब्याखाली जात होती. माझ्या मनाईने मुले डोंगरावर जायची थांबली नव्हती. ती शिकविल्यावाचून जाऊ लागली होती. पोहणे शिकविल्याविना पाण्यापासून दूर ठेवलेला मुलगाच पाण्यात पडल्यावर बुडतो, हे मी विसरलो होतो.

म्हणून मी म्हणतो, डोंगर बंद करू नका, डोंगर शिकवा. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या डोहात आजवर कितीतरी तरुण बुडाले आहेत. अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत ठाणे जिल्हा प्रशासनाने अशा धबधब्यांवर जाण्यास मनाई केली आहे. ती मनाई आपण काटेकोर पाळली पाहिजे. डोंगराचे पाणी किती वेगाने येते, हे २७ जुलै २०१९ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढा घातला. गाडीतील सुमारे एक हजार प्रवाशांना बचाव दलांनी व आसपासच्या ग्रामस्थांनी सुखरूप बाहेर काढले. आगगाडी जेथे अडते, तेथे आपली काय कथा! तेव्हा पावसाळ्यात डोंगर दुरून पाहावा आणि कार्तिक ते फाल्गुन या काळात, शिक्षकांसह किंवा घरच्या मोठ्यांसह, त्याच्याकडे जावे. रान तेव्हा कोरडे असते, वाट स्पष्ट दिसते आणि फाल्गुनात पळसही फुललेला असतो.

कित्येकांना सायकलची हौस असते. ती हौस फार चांगली. १९२३ साली मुंबईतील काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. आपल्याकडे बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता रानातून जातो. मोठ्यांसोबत भल्या पहाटे तेथे सायकल चालविण्यासारखा आनंद नाही. पण जेथे रस्ता संपून पाऊलवाट सुरू होते, तेथे चाक थांबवावे. चाकाने ओल्या मातीत चर पडतो, पावसाचे पाणी त्या चरातून धावते, माती वाहून जाते आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. फटफटीने तर ते एका पावसाळ्यातच होते. माथेरानला येणाऱ्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. माणसे तेथून पुढे पायी जातात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

या वाटा पाडल्या कोणी, याचाही विचार करा. आपल्यासारख्या हौशी लोकांनी त्या पाडल्या नाहीत. पाण्याचा हंडा, लाकडाची मोळी आणि करवंदे-जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या ठाकर व कातकरी स्त्रियांच्या पावलांनी त्या पडल्या. आपली सहल ज्या वाटेवर होते, त्या वाटेवर त्यांचे पोट चालते. म्हणून आपण तेथे पाहुणे आहोत. पाहुण्याने घरमालकाला विचारून आत जावे, त्याचे ऐकावे, त्याच्या अंगणात घाण करू नये. समोरून मोळीवाली आली, तर बाजूला उभे राहून तिला वाट द्यावी. एवढे ज्याला जमले, त्याला डोंगर चढता आला असे मी म्हणेन. शिखर गाठले की नाही, हा मग दुय्यम प्रश्न आहे.

पुढे अनेक वर्षांनी मी त्या ठाकरवाडीत पुन्हा गेलो. तो वृद्ध आता नव्हता. त्याचा नातू अंगणात दोर वळीत बसला होता. मी विचारले, “बाबा, आज वर जाऊ का?” त्याने डोंगराकडे पाहिले, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “जा गुरुजी. दिवस मावळायच्या आत या.”

मी मावळण्याच्या पुष्कळ आधी खाली आलो.