कोंबडी द्या, पण पावती घेऊन द्या



नवापूरच्या पोल्ट्र्यांत जानेवारीअखेरपासून कोंबड्या पटापट मरत होत्या. राणीखेत असेल, म्हणत दिवस गेले. १८ फेब्रुवारी २००६ ला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला: बर्ड फ्लू. देशातली ही पहिलीच वेळ. लगेच तीन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायचं ठरलं. पोल्ट्रीतल्या, आणि आपल्या अंगणातल्याही.

पाड्यावर लोक विचारतात, "रोग पोल्ट्रीत निघाला, मग आमची गावठी का मारता?" राग खरा आहे. पण म्हणून डालग्याखाली कोंबडी लपवणं बरोबर नाही. हा विषाणू आजारी कोंबडीच्या विष्ठेत, लाळेत, रक्तात असतो. आपली कोंबडी दिवसभर मोकळी फिरते आणि रात्री घरातच असते. ती सोलणारा, खुराडं झाडणारी बाई, पिलांशी खेळणारं पोर, यांनाच धोका आधी. १९९७ साली हाँगकाँगमध्ये हा रोग १८ माणसांना झाला, ६ मेली. तिथे दहा लाखांवर कोंबड्या मारल्या, तेव्हा तो थांबला. २००६ मध्ये नवापुरात तपासणीत एकाही माणसाला लागण निघाली नाही. माणसांना लागण होऊ द्यायची नाही.

आता दुसरी बाजू. पोल्ट्रीवाल्याकडे हिशेबाची वही असते, बँकेचा कागद असतो. आपल्या कोंबडीचा कागद कुठला? पण घरच्या बाईची तीच बँक. मीठमिरची, पोराची पाटी, दवाखाना, पाहुणा, देवाचा मान, सगळं तिच्यावर. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कागद नाही म्हणून जंगलजमिनीवर आपण अतिक्रमणदार ठरलो. कोंबडीच्या बाबतीत तेच होऊ द्यायचं नाही. सरकारने भरपाई जाहीर केली आहे. ती मेहरबानी नाही. सगळ्यांच्या जिवासाठी आपण जे देतो त्याचा तो मोबदला आहे.

म्हणून पथक आलं की पळू नका, भांडू नका. चार माणसं समोर उभी राहा. कोंबडा, कोंबडी, पिलं, सगळं मोजून लिहून घ्या. पावती जागेवरच मागा, आणि ती कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या नावाने मागा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, नदी-नाल्यात टाकू नका, खाऊ तर नकाच. कोंबड्या मेलेल्या घरात कुणाला ताप-खोकला आला तर भगताकडे दिवस न घालवता दवाखाना गाठा, आणि कोंबड्या मेल्याचं डॉक्टरला सांगा.

रोगाशी लढू, हक्कही सोडणार नाही. जिंदाबाद!