फाळक्याची खिट्टी

बेज्जूरच्या परिसरात कापसाची वेचणी सुरू झाली, की कागजनगरच्या वाटेने भरलेल्या ट्रॉल्या धावू लागतात. आपला जिल्हा २०१६ साली आदिलाबादपासून वेगळा झाला, पण ट्रॉलीचा फाळका अजून त्याच दोन खिट्ट्यांच्या भरवशावर उभा आहे.

अमेरिकेत संसारासह प्रवास करण्याच्या मोटारी असतात. मोटार उभी केली, की तिच्या भिंतीतून एक दालन बाहेर सरकते. निघताना ते आत घेऊन काही मोटारींत त्यास अडसर लावतात. न लावल्यास वाटेत दालन बाहेर सरकू लागते, आणि अडसर न काढताच यंत्र सुरू केल्यास दातेचक्रे मोडतात. अडसर म्हणजे तरी काय? जुन्या वाड्याच्या दारामागे भिंतीतून ओढला जाणारा लाकडी दांडा, त्याचाच हा लोखंडी भाऊ. आपल्या फाळक्याची खिट्टी त्याच कुळातली.

हिची निगा अवघड नाही, तरीही ती कोणी घेत नाही, हे आम्हास नवल वाटते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारा शेतकरी खिट्टी हरवली, की तारेचा तुकडा गुंडाळून मोकळा होतो! तार हादऱ्याने झिजते व नेमकी उतारावर तुटते. खिट्टी वाकली असेल तर ठोकून सरळ करू नये, नवी घ्यावी. तिचे भोक झिजून लांबट झाले असेल, तर नव्या खिट्टीनेही भागत नाही. ते लोहाराकडून भरून पुन्हा पाडून घ्यावे. फाळका लावून हाताने हलवून पाहावा, खडखड झाली तर दुखणे तेथेच आहे.

तेल घालण्यापूर्वी धूळ व कापसाचे तंतू डिझेलने धुऊन काढावेत. मळावर तेल ओतले, की त्याची खरड होते आणि तीच लोखंड खाते. सरकत्या खिट्टीस हलके तेल पुरे. ग्रीस बिजागरीसाठी ठेवावे. पावसाळ्यापूर्वी हे काम चुकवू नये. ट्रॅक्टर व ट्रॉली जोडणारी खीळही त्याच वेळी पाहावी, आणि तिच्याशेजारी साखळी असू द्यावी.

फाळका उघडणाऱ्याने बाजूस उभे राहावे. आत दाबलेला माल खिट्टी निघताच फाळक्यास ढकलतो, आणि समोर बहुधा एखादे पोर उभे असते. लग्नाला माणसे भरून नेणाऱ्यांना काय सांगावे? त्यांच्या पाठी त्याच फाळक्यास टेकलेल्या असतात. ट्रॉली माणसांसाठी नाही, हे आम्ही पूर्वीही लिहिले आहे, पुढेही लिहू.

उलटणाऱ्या ट्रॉलीचा जॅक हा तर अडसर नव्हेच. त्याची तेलाची नळी फुटली, की उचललेली ट्रॉली क्षणात खाली येते. रिकाम्या ट्रॉलीखाली शिरावयाचे असले, तरी आधी जाड लोखंडी टेकू लावावा. काही ट्रॉल्यांना तो चौकटीलाच जोडलेला असतो. बिजागरी गंजल्यामुळे तो उभा राहत नसेल, तर आजच तीत तेल सोडावे.