औषध दिल्यावर जीएपीडीएच स्थिर राहते का?

ऑस्टिओसार्कोमावरच्या औषधांचे शोधनिबंध आमच्याकडे येतात, तेव्हा आकृत्यांआधी आम्ही ‘पद्धती’ हा भाग वाचतो. क्यूपीसीआरबद्दल तिथे बऱ्याचदा एकच ओळ सापडते: जीएपीडीएचच्या तुलनेत मोजमाप केले. तेच जनुक का निवडले, याबद्दल अवाक्षर नसते. त्याचे प्रायमर फ्रीजरमध्ये होते, एवढेच कारण असावे.

जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधले एन्झाइम. ऑक्सिजन कमी पडला की त्याचा एमआरएनए वाढतो. केमोथेरपीचे औषध तर पेशीचा सगळा कारभार ढवळून काढते. समजा, यू-२ ओएस पेशींना २४ तास डॉक्सोरुबिसिन दिले आणि आरएनए दोन्हीकडे सारखाच घेतला. लक्ष्य जनुकाचा सीटी आधी २५, नंतरही २५. जीएपीडीएचचा मात्र १७ वरून १८ झाला. लिवाक आणि श्मिटगेन यांच्या २००१ च्या सूत्रात हे आकडे घाला. लक्ष्य जनुक दुप्पट वाढल्याचे उत्तर येईल. प्रत्यक्षात ते जागचे हललेलेही नाही. अशा उत्तरावर कोणी औषधाची पुढची चाचणी आखली, तर वाया जाणारी वर्षे कोण भरून देणार?

१८एस हाही सुरक्षित पर्याय नव्हे. डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही दोन्ही औषधे रायबोसोमल आरएनएची निर्मितीच रोखतात. मेथोट्रेक्सेट वापरणाऱ्यांनी एचपीआरटी१ पारखून घ्यावे. औषध प्युरिनची नवी निर्मिती अडवते आणि हे जनुक प्युरिनचा पुनर्वापर सांभाळते. टाटा मेमोरियलच्या ओजीएस-१२ उपचारपद्धतीत मेथोट्रेक्सेट नाही. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइड आहेत. त्या औषधांवर काम करणाऱ्यांनी मेथोट्रेक्सेटच्या प्रयोगातली जनुकांची यादी जशीच्या तशी उचलू नये. पेशींचेही तेच. साओस-२ मध्ये पी५३ नाही, यू-२ ओएसमध्ये ते शाबूत आहे. एकाच औषधाला दोघींचा प्रतिसाद सारखा नसतो.

जनुकांची स्थिरता तपासायला जीनॉर्म २००२ पासून आणि नॉर्मफाइंडर २००४ पासून हाताशी आहेत. तरी जीनॉर्मवर डोळे मिटून विसंबू नका. बरोबरीने वरखाली होणारी जनुके त्याला स्थिर वाटतात. जीएपीडीएचसोबत पीजीके१ घेतले, तर दोन्ही ग्लायकोलिसिसमधली, ऑक्सिजन घटताच दोन्ही चढणारी; ही जोडी यादीत वर येऊ शकते. म्हणून टीबीपी, वायडब्ल्यूएचएझेड, आरपीएल१३ए अशी वेगवेगळी कामे करणारी जनुके घ्या आणि स्वतःच्या पेशी, स्वतःचा डोस, स्वतःच्या वेळा यांवर तपासा.

एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनी २००९ मध्येच बजावले आहे की, स्थिरतेचा पुरावा नसेल तर एकट्या संदर्भ जनुकावर भागवू नये. पुढच्या अंकापासून आम्ही हा पुरावा मागणार आहोत: किमान दोन संदर्भ जनुके, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या नमुन्यांचे कच्चे सीटी, प्रायमरची कार्यक्षमता. ज्यांचे काम पूर्ण होत आले आहे, त्यांनी हवालदिल होऊ नये. उणे २० अंशांवर ठेवलेला सीडीएनए शिल्लक असेल, तर ही तपासणी त्यावरच होते. पेशी नव्याने वाढवाव्या लागत नाहीत.