सत्तर टक्के म्हणजे शंभर नव्हेत

"फासे टाकून लढाई ठरणार असेल तर डोकं कशाला चालवायचं? त्यापेक्षा बुद्धिबळ खेळ." इति आमचे भाचेबुवा. ते हा ब्लॉग वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

वाद 'बॅटल फॉर वेसनॉथ'वरून आहे. २००३ पासूनचा, फुकट मिळणारा खेळ. षटकोनी घरं, आळीपाळीने चाली. इथे वार लागण्याची शक्यता समोरचा कुठे उभा आहे त्यावर ठरते. भालाईत गवतावर असेल तर ६० टक्के, गावात शिरला की ४०. जादूगाराच्या माऱ्याला जमीन आड येत नाही. कुठेही सरळ ७०.

आता जादूगार एका हल्ल्यात तीनदा मारा करतो. तिन्ही फुकट जाण्याची शक्यता २.७ टक्के, म्हणजे शंभर हल्ल्यांत जवळजवळ तीनदा. एका मोहिमेत असे किती हल्ले होतात ते मोजा! पण ते 'तीनदा' झालं की आमच्या घरात माऊस आपटला जातो आणि जुना सेव्ह उघडला जातो.

सिड मायरने २०१० मध्ये एका भाषणात हेच सांगितलं होतं. तीनास एक असं पारडं असताना हरला की खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं. उलट दुबळा असून जिंकला तर मात्र कुणी तक्रार करत नाही. (घरोघरी मातीच्या चुली!)

माझ्या मते फाशांमुळेच डोकं चालवावं लागतं. वार चुकला तर काय, हे आधी ठरवायचं: मागे दुसरा गडी ठेवायचा, जखमी गड्याला गावात न्यायचं. शिवाय दिवस-रात्र आहेच. माणसांच्या शिपायांचा जोर दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो, रात्री तेवढाच घटतो. ऑर्क मंडळींचं बरोब्बर उलट. संध्याकाळ झाली की मुकाट्याने मागे सरणं हीही चालच. दोन्ही बाजू सारख्या न करता तोल कसा साधावा, याचा इतका साधा नियम मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मोहिमेत मेलेला गडी पुढच्या डावात परत बोलावता येत नाही. चार डाव जपून वाढवलेला जादूगार गेला की जीव हळहळतो, मान्य. पण सेव्ह उघडून त्याला उठवत बसलं की पुढच्या वेळी त्याला उघड्या मैदानात सोडताना हात अडखळत नाही, आणि मग गावांचा, रात्रीचा विचार तरी कोण करणार?

तेव्हा भाचेबुवा, येत्या रविवारी एक अख्खी मोहीम, लोड न करता. चहा मी करतो.