कासेचा लेप आणि दाव्याचा कागद



सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी आम्ही अकोले तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर बसतो. कागदावर जळण येतं, हिरडा येतो, मध येतो, चराई येते. मग जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानाचा रकाना येतो आणि मंडळी म्हणतात, "त्यात काय लिहायचं, पाला तो पाला." रकाना कोरा राहतो, नाहीतर तिथं 'वनौषधी' एवढा एकच शब्द पडतो. आमचं म्हणणं आहे, हा रकाना कोरा सोडू नका. मिळालेला हक्क आपण आपल्याच हातानं सोडतो आहोत.

गुरांच्या सुजेचंच घ्या. आपली डांगी ढोरं पावसाला दबत नाहीत, चिखलणीत दिवसभर राबतात, पण जू घासून खांदा सुजतोच. उतारावर पाय मुरगळतो. व्यालेल्या गाईची कास दगडासारखी घट्ट होते, त्या रोगाला नावच 'दगडी' पडलंय. अशा वेळी घरात काय करतात? निर्गुडीचा पाला उकळायचा, त्या पाण्यानं शेकायचं, पाला वाटून बांधायचा. एरंडाचं पान तेल लावून गरम करून बांधायचं, पण एरंडाच्या बिया गुरांच्या तोंडापासून लांब ठेवायच्या, त्या विषारी. हळद-चुना तर हाताशी असतोच. हे शिकवायला कुणी शिबिर घेतलं नव्हतं.

आता आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा लेप बघा. तमिळनाडूतल्या पशुवैद्यकांनी तिकडच्या जुन्या औषधांवर काम केलं, त्यातून हा आला. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम. तिन्ही एकत्र वाटायचं, त्यातलं थोडं थोडं पाण्यात पातळ करायचं. कास धुवायची, सडांतलं दूध पूर्ण पिळून टाकायचं, मग लेप लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. दूध सोसायट्यांना हा लेप सांगतात, आणि करून बघण्यासारखा आहे. ते दूध मात्र वासराला किंवा घरात देऊ नका.

आजी हे ऐकेल तर म्हणेल, "यात नवं काय? हळद-चुना मी लावतेच." खरं आहे. पण आजीनं लावला तर तो गावठी उपाय, आणि ग्रॅममध्ये मोजून छापला की ते तंत्रज्ञान. कुणीतरी मोजलं, तपासलं, याबद्दल आमची तक्रार नाही. मोजलेलं चांगलंच. पण छापलेल्या गोष्टीला मालक लागतो, आणि मालकाच्या जागी आपलं नाव कुठेच दिसत नाही.

हळदीचं काय झालं ते आठवा. अमेरिकेत 1995 साली जखमेवर हळद लावायचं पेटंट दिलं गेलं. आपल्याकडच्या सीएसआयआरनं हरकत घेतली, जुने लेखी पुरावे पुढे केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. हळदीची गोष्ट ग्रंथात होती म्हणून वाचली. आपल्या वाडीत खांद्याच्या सुजेला जे लावतात ते कुठल्या ग्रंथात आहे? त्यात भर म्हणून 2023 साली जैवविविधता कायदा बदलला. ग्रंथांमधल्या ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे ग्रंथात असलेलं सगळ्यांसाठी मोकळं, आणि ग्रंथात नसलेलं आपण लिहिलं नाही तर ते कुणाचं होतं हे कळणारच नाही.

जाणती माणसं म्हणतात, औषध सांगितलं की गुण जातो. आम्ही त्यावर हसत नाही. आमच्यातली बहुतेक बारावी शिकलेली, चार बुकं वाचून म्हाताऱ्यांना शहाणपण शिकवायला आम्ही निघालेलो नाही. आणि त्या भीतीत तथ्य आहे. नरक्याचं झाड सह्याद्रीतून कॅन्सरच्या औषधासाठी तोडून नेलं गेलं, डोंगरातल्या माणसाला त्यात फार तर तोडणीची मजुरी मिळाली. म्हणून आमचा तोडगा असा: कृती लिहू नका, प्रमाण लिहू नका. झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, पाला की साल की मूळ, कुठल्या रानातून आणतो, कुठल्या महिन्यात, माणसाला की ढोराला, कुठल्या दुखण्यावर, एवढंच लिहा. दाव्याला तेवढं पुरतं. बाकीचं जाणत्याकडे राहू द्या, त्याला वाटेल त्याला तो शिकवील.

कायदा याला जागा देतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे. गौण वनउपजात औषधी वनस्पती, मुळ्या, कंद स्पष्ट लिहिलेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, पण हा कायदा अभयारण्यातल्या जमिनीलाही लागू आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका मावशीला पाल्याच्या बोचक्यासकट अर्धा दिवस बसवून ठेवलं. बैलाचा खांदा घरी तसाच सुजलेला. मावशीकडे दाखवायला कागद असता तर?

एक गोष्ट ठामपणे सांगतो. सगळी सूज पाल्यानं उतरत नाही. मांडीला-फऱ्याला सूज येऊन दाबल्यावर चरचर वाजलं, ढोर लंगडायला लागलं, तर तो फऱ्या. गळ्याला सूज आणि श्वासाची घरघर, तर घटसर्प. तिथं लेप लावत बसाल तर ढोर जाईल. लगेच डॉक्टर बोलवा, आणि दोन्हींची लस पावसाआधी टोचून घ्या. नंतर ओढे भरले की वाडीवर कुणी येत नाही, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

डॉक्टर आले तर सुजेचं इंजेक्शन कुठलं देतात तेही विचारा. डायक्लोफेनॅक दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. पंधरा-वीस वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवांहून जास्त संपली. 2006 साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही. मेलोक्सिकॅम गिधाडांना चालतं, ते मागा. पूर्वी मेलेलं ढोर माळावर टाकलं की आभाळ काळं व्हायचं, असं म्हातारे सांगतात. आम्ही ते पाहिलं नाही.

तर पुढच्या ग्रामसभेच्या आधी वाडीतल्या जाणत्या बाया-बाप्यांकडे बसा. स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब नियमाप्रमाणे पुरावा धरला जातो. लिहायला वाडीतलीच पोरं घ्या. लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या, आणि वही ग्रामसभेकडेच ठेवा. झेरॉक्ससुद्धा ठरावाशिवाय बाहेर देऊ नका.