कोठाराचे कुलूप

२०२५ साली दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला. शस्त्रपूजन आणि भारताने मांडलेल्या ठरावावरून २००७ मध्ये जाहीर झालेला आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन, दोन्ही एकाच दिवशी. पंचांगाच्या या थट्टेने कुणाचीच पंचाईत झाली नाही. दिवस पाळायला काही सोडावे लागत नाही, आणि वर्षभर सलत राहिले ते हेच. २१ सप्टेंबरला शांतता दिन, २६ला अण्वस्त्रनिर्मूलनाचा, भाऊबीज उरकते न उरकते तोच २४ ऑक्टोबरपासून निःशस्त्रीकरण सप्ताह. यांविषयी मत द्यायला कोणत्याच सरकारला जड जात नाही. आणि याच वर्षी लॅटव्हिया, लिथुआनिया, इस्टोनिया, फिनलंड व पोलंड यांनी भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडत असल्याचे कळवले. रशियाच्या शेजाऱ्यांची भीती खोटी नाही. आपण तर त्या करारावर सहीच केलेली नाही, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

दिवस अगदीच फुकट जातात असेही नाही. अफगाणिस्तानात २१ सप्टेंबरच्या निमित्ताने लढणाऱ्यांनी हात आवरला आणि एरवी पोचता न येणाऱ्या भागांत मुलांना पोलिओचे डोस देता आले. पण तिथे तारखेला एक काम जोडलेले होते. प्रत्यक्षातले निःशस्त्रीकरण हे असे कामाचेच प्रकरण आहे. मार्च १९९६ मध्ये मालीतल्या टिंबक्टूत बंडखोरांनी खाली ठेवलेल्या सुमारे ३००० शस्त्रांची होळी झाली. त्याच वर्षी जर्मनीच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावर ठराव केला. शेजारी टपलेला असताना शस्त्रे टाकायची का, असा आक्षेप यावर हमखास येतो. तो चुकीच्या पत्त्यावर येतो. इथे प्रश्न सीमेवरच्या तोफांचा नाही. युद्ध संपल्यावर किंवा राज्ययंत्रणा कोसळल्यावर माळ्यावर, गोठ्यात उरलेल्या बंदुकांचा आहे. अल्बानियात १९९७ साली पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजना बुडाल्या, लोक खवळले, लष्करी कोठारे फुटली आणि पाच लाखांहून अधिक शस्त्रे घरोघरी गेली. कलाश्निकोव्हचा कारखाना असलेल्या ग्राम्श जिल्ह्यात मग संयुक्त राष्ट्रांनी वेगळा सौदा केला: बंदूक आणून देणाऱ्याला रोकड नाही, त्याच्या गावाला रस्ता, टेलिफोन. रोकड दिली असती तर बंदुकांचा बाजारच तेजीत आला असता. सगळी शस्त्रे परत आली नाहीत, पण काही हजार आली, आणि ती मोजून घेतली गेली.

या अंकाचा विषय ‘कुलूप’. संपादक ओढूनताणून जोड लावतो, असे नेहमीचे वाचक म्हणतीलच, म्हणोत. पण शस्त्रे गोळा झाल्यावरही काम संपत नाही. मोजणी, पहारा, साठवण आणि शेवटी जाणत्या हातांनी मोडतोड, या कंटाळवाण्या गोष्टींना ना दिवस ना सप्ताह. त्याच अल्बानियात जुना दारूगोळा निकामी करण्याचे काम गेर्देत्स इथे अडाणी मजुरांच्या हाती सोपवले गेले. १५ मार्च २००८ रोजी तिथे स्फोट झाला आणि २६ माणसे गेली.