वटवाघळांची गुहा आणि ‘कुटुंब’ नावाचा रकाना

शनिवार-रविवार जोडून रानात तंबू ठोकायला जायचं म्हटलं की बायकांना अजूनही पहिला प्रश्न येतो, ‘बरोबर कोण आहे?’ आम्ही सहाजणी होतो. तो विषय पुन्हा कधीतरी.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. तिथल्या वटवाघळाची जात 1913 साली ओल्डफील्ड थॉमस यांनी नवी म्हणून नोंदवली. मोठाले कान, किड्यांवर गुजराण. कित्येक दशकं ही जात जगात फक्त या गुहेतली म्हणून माहीत होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. आम्ही आत शिरलो नाही. वटवाघळाच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. टॉर्च आणि कलकलाटाने माद्या बिथरल्या तर ते खाली पडतं. अंधार पडेपर्यंत लांब बसून राहिलो आणि मग ती बाहेर पडताना पाहिली. घरात वटवाघूळ शिरलं की अपशकुन, असं ऐकत वाढलेल्या आम्ही!

वन्यजीव कायद्याने या जातीला सर्वांत वरचं संरक्षण दिलं, 2011 मध्ये भीमगड अभयारण्य झालं. हे मला पूर्ण मान्य आहे. गुहा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

माणसं नेता येतात, असं आपण धरून चालतो. तळेवाडीच्या लोकांना बाहेर वसवण्यासाठी कुटुंबामागे 15 लाख ठरले, 2025 मध्ये रक्कम द्यायला सुरुवात झाली. रस्ता आणि दवाखान्याची आबाळ पाहता गावाचा होकार समजण्याजोगा आहे. माझा आक्षेप ‘कुटुंब’ या शब्दाला आहे. 1979 च्या नर्मदा लवादाने सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला, सज्ञान मुलगी धरली नाही. पुनर्वसनाच्या कामात या शब्दाने किती विधवा, किती टाकलेल्या बायका गिळल्या, ते आम्ही कार्यकर्त्यांनी पाहिलं आहे. बाई तशीही एकदा घर सोडून आलेलीच असते, तिला दुसऱ्यांदा हलवताना कुणी विचारत नाही.

जंगलातून परतताना वाटेत लाकडं घेऊन चाललेली एक बाई भेटली. तिला विचारलं, चेक कुणाच्या नावाने निघणार?

‘मालकाच्या. आणि कुणाच्या?’ ती म्हणाली, आणि मोळी सावरून पुढे गेली.

पुढच्या गावच्या यादीत नवरा-बायको दोघांची नावं आणि एकट्या बाईचा वेगळा हिस्सा असायला हवा. ही मागणी आपण चेक वाटण्याआधी करायची आहे.